बियाण्याच्या शुद्धतेचा दाखला सार्वजनिक प्रयोगशाळेने द्यावा : कृषी विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू व संशोधन संचालक,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी;
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला;
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी;
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली;
तसेच माननीय महासंचालक, महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे.

सविनय नमस्कार.

मी देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका बीजोत्पादक कुटुंबात वाढले, पुढे वनस्पती पैदासशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि गेली अठरा वर्षे टोमॅटो व मिरचीच्या रेणवीय पैदाशीचे, म्हणजे डीएनए पाहून रोपे निवडण्याचे, काम करते आहे. हे पत्र मी खुले ठेवते आहे, कारण त्यातली मागणी माझी एकटीची नाही आणि तिचे उत्तरही मला एकटीला नको आहे. मागणी अशी की, टोमॅटो, वांगी आणि मिरची या पिकांच्या जनुकांची तपासणी करून देणारी, शेतकऱ्याला व बीजोत्पादकाला ठरावीक शुल्क भरून वापरता येईल अशी सार्वजनिक प्रयोगशाळा राज्यात चालवावी, आणि त्याच प्रयोगशाळेच्या बळावर आपल्या विद्यापीठांच्या भाजीपाला वाणांची रेणवीय पैदास नेटाने पुढे न्यावी.

देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि जालना हा पट्टा संकरित भाजीपाला बीजोत्पादनासाठी ओळखला जातो. हे काम शेडनेटमध्ये चालते आणि त्यातला सर्वांत नाजूक भाग बायकांच्या बोटांवर उभा असतो. टोमॅटोची जी कळी उद्या उमलणार आहे, ती आज संध्याकाळी ओळखावी लागते. तिच्या पाकळ्यांनी हिरवटपणा सोडलेला असतो, पण त्या अजून मिटलेल्या असतात. डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरून चिमट्याने पाकळ्या बाजूला करायच्या, आतला पुंकेसरांचा पिवळा शंकू अलगद उचलून काढायचा आणि मधल्या नाजूक दांडीला धक्काही लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलांतून काढलेले, वाळवून चाळलेले पोलन (परागकण) त्या दांडीच्या टोकाला लावायचे, आणि हे फूल क्रॉस झाले याची खूण म्हणून देठाजवळच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कातरायच्या. फळ मोठे झाले तरी ती खूण तशीच राहते. खूण नसलेले प्रत्येक फळ सेल्फ, म्हणजे स्वतःच्याच पोलनने धरलेले, समजून तोडून टाकावे लागते. एका बाईच्या हातून एका दिवसात अशा शेकडो कळ्या जातात. माझ्या आईच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला चिमट्याने पडलेला घट्टा अजून आहे.

मी दहावीला असताना आमच्या अर्ध्या एकराच्या टोमॅटो प्लॉटचे बियाणे आम्ही ज्यांच्याशी करार केला होता त्यांच्याकडे जमा केले. बियाण्याचे पैसे जीओटीचा (ग्रो-आउट टेस्टचा) निकाल आल्यावर मिळतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. जमा झालेल्या बियाण्याचा नमुना घेऊन त्याची रोपे शेतात लावायची, ती फळावर येईपर्यंत वाढवायची आणि वेगळी दिसणारी झाडे मोजायची, अशी ही चाचणी आहे. यात तीन-चार महिने सहज जातात. आमचा निकाल त्याहून उशिरा आला आणि तो एका ओळीचा होता: ऑफटाइप मर्यादेपेक्षा जास्त, लॉट नापास. पैसे मिळाले नाहीत, आणि करारानुसार ते बियाणे आम्हाला दुसरीकडे विकताही येत नव्हते. आईने त्या वेळी एकच प्रश्न विचारला होता. ही वेगळी झाडे आमच्या हातून राहून गेलेल्या सेल्फ फळांतून आली, की आम्हाला लावायला दिलेल्या मूळ बियाण्यातच भेसळ होती? त्या कार्यालयात त्याचे उत्तर कोणाकडे नव्हते. मला ते उत्तर सात वर्षांनी सापडले, आणि तेही माझ्या पदव्युत्तर अभ्यासातल्या एका साध्या प्रयोगात.

तो प्रयोग तुमच्या प्रत्येक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी केलेला असतो. रोपाच्या कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा घेऊन त्यातला डीएनए काढायचा, आई वाण आणि बाप वाण ज्या जागी एकमेकांपासून वेगळे आहेत त्या जागेच्या पीसीआर यंत्रात असंख्य प्रती काढायच्या आणि जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, त्यांच्या पट्ट्या पाहायच्या. खऱ्या संकरित रोपात आई आणि बाप या दोघांच्याही पट्ट्या दिसतात. सेल्फ झालेल्या बियाण्यात फक्त आईची पट्टी दिसते. जिथे या दोघांपैकी कोणाचीही नसलेली तिसरी पट्टी दिसते, तिथे एक तर परके पोलन आले आहे किंवा मुळात दिलेले आई अथवा बाप वाणाचे बियाणेच शुद्ध नव्हते. आणि मूळ बियाण्याचा नमुना जपून ठेवलेला असेल तर या दोहोंतले खरे कोणते, तेही ठरवता येते. म्हणजे जीओटीच्या शेतात जी सगळी झाडे ‘ऑफटाइप’ या एकाच शब्दाखाली मोजली जातात, त्यांची जेलवर जबाबदारीसह वाटणी होते. रोपे उगवून पाने येण्याचे दिवस धरले तरी हे काम दोन-तीन आठवड्यांत होते. आईचा प्रश्न शास्त्राने सोडवलेला आहे. मात्र ते शास्त्र तिच्यापर्यंत आणणारी व्यवस्था नाही.

ज्या बीज कंपन्यांकडे स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत, त्या ही तपासणी आपल्या कामासाठी वापरतात, आणि त्यात गैर काही नाही. अडचण अशी आहे की, बियाणे पास की नापास हे ठरवणारा आणि पैसे देणारा एकच पक्ष असतो, आणि दुसऱ्या पक्षाजवळ स्वतःचा पुरावा काहीच नसतो. दुसऱ्या पक्षाला पुरावा मिळण्याची सोय कोणी करावी, याचे उत्तर मला तरी सार्वजनिक विद्यापीठ याखेरीज दुसरे सुचत नाही. बियाणे कायदा 1966 मध्ये निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग करण्याची तरतूद आहे: एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक तपासणीला आणि एक जपून ठेवण्यासाठी. हीच रीत बीजोत्पादनाच्या कराराला लावता येईल. मूळ बियाण्याचे पाकीट लावणीआधी फोडताना त्यातला थोडा भाग दोन्ही बाजूंच्या सहीने सीलबंद व्हावा, आणि वाद निघाल्यास तो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उघडला जावा.

यात दोन खऱ्या अडचणी आहेत आणि त्या मी झाकून ठेवत नाही. पहिली म्हणजे नमुन्याच्या आकाराची. शंभर बियांच्या तपासणीतून भेसळ दोन टक्के आहे की चार टक्के, हे खात्रीने सांगता येत नाही. कोणाच्या वर्षभराच्या कमाईचा निर्णय करायचा असेल, तर काही शे बिया तपासायला हव्यात. सुदैवाने आज एसएनपी मार्करची, म्हणजे डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकावरून ओळख पटवणाऱ्या खुणांची, तपासणी एकावेळी 384 नमुन्यांच्या प्लेटमध्ये करता येते, त्यामुळे हे काम जेलच्या काळासारखे जिकिरीचे राहिलेले नाही. दुसरी अडचण गोपनीयतेची आहे. आई आणि बाप वाण हा कंपनीचा जीव असतो आणि त्यांचे जनुकीय वाचन बाहेर जावे असे तिला वाटणार नाही. पण शुद्धता तपासायला संपूर्ण जीनोम, म्हणजे झाडाचा सगळा डीएनए, वाचण्याची गरज पडत नाही. दोन्ही वाणांत फरक दाखवणारे काही मोजके मार्कर पुरेसे होतात, आणि नमुने सांकेतिक क्रमांकाने घेतले तर प्रयोगशाळेतल्या माणसालाही वाणाचे नाव कळत नाही. ही नियमावली लिहिणे कठीण नाही, फक्त ती कोणीतरी लिहायला हवी.

आता दुसऱ्या भागाकडे येते, कारण हीच प्रयोगशाळा आपल्या पैदासकारांच्याही कामाची आहे.

टोमॅटोचा जीनोम 2012 च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. चौदा देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या त्या कामात भारताकडे पाचवे गुणसूत्र होते, आणि ते दिल्लीतल्या तीन सार्वजनिक संस्थांनी पार पाडले. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या बटाट्याच्या जीनोममध्येही सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचा सहभाग होता. मिरची आणि वांग्याचे जीनोम 2014 मध्ये आले. मिरचीचा जीनोम टोमॅटोच्या तिपटीहून मोठा आहे. त्याचा बहुतांश भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांनी व्यापलेला आहे. पण चारही पिकांत गुणसूत्रांचा मूळ संच बाराचाच आहे आणि जनुकांची मांडणी बरीच मिळतीजुळती आहे, त्यामुळे एका पिकात सापडलेल्या गोष्टीचा माग दुसऱ्यात काढता येतो. या वाचनासाठी इतर देशांच्या बरोबरीने आपल्याही करदात्याचा पैसा लागला आहे आणि ती माहिती कोणालाही मोफत उपलब्ध आहे. तिचा उपयोग मात्र आज मुख्यतः संकरित बियाण्याच्या महाग पाकिटात दिसतो, आणि मला यातच आपली जबाबदारी दिसते.

टोमॅटोवरच्या बोकड्या या विषाणूजन्य रोगाचे उदाहरण घेते. पांढरी माशी हा विषाणू पसरवते; पाने वरच्या बाजूला वळतात, बारीक होतात, झाड खुजे राहते आणि लागण लवकर झाली तर त्याला फळ म्हणून धरत नाही. शेतकरी माशी मारण्यासाठी फवारणीवर फवारणी करतो आणि तरीही रोग हटत नाही, कारण माशीला झाडावर थोडा वेळ रस शोषायला मिळाला तरी लागण होऊन जाते. या विषाणूंना रोखणारी जनुके लागवडीच्या टोमॅटोत नव्हती, ती त्याच्या रानटी नातलगांत सापडली. त्यांपैकी टीवाय-2 हे सोलॅनम हॅब्रोकायटिस या रानटी जातीतून आले आणि ते लागवडीच्या टोमॅटोत आणण्याचे काम डॉ. जी. कल्लू यांनी हिसारला केले. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून निघालेली एच-24 ही ओळ (पैदाशीसाठी वापरायचा स्थिर वंश) पुढे जगभरच्या पैदासकारांनी वापरली. टीवाय-1 आणि टीवाय-3 सोलॅनम चिलेन्सेमधून आली. ती एकाच जनुकाची दोन रूपे आहेत हे 2013 मध्ये स्पष्ट झाले.

विषाणूच्या जाती प्रदेशागणिक बदलतात आणि एकटे टीवाय-2 सगळीकडे पुरत नाही, म्हणून टीवाय-2 व टीवाय-3 एकाच झाडात आणावी लागतात. शेतात पाहून हे करणे जवळपास अशक्य आहे, कारण एक जनुक असलेले झाड आणि दोन असलेले झाड निरोगी दिसण्यात सारखेच असते. मार्करने मात्र पंधरा दिवसांच्या रोपाचे पान पाहून सांगता येते की यात दोन्ही आहेत, आणि बाकीची रोपे ट्रेमधूनच काढून टाकता येतात. हेच बॅकक्रॉसला लागू आहे. आपल्या चांगल्या वाणाशी रानटी जनुक असलेले झाड एकदा क्रॉस केले आणि पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी संकर करत गेले, तर पहिल्या बॅकक्रॉसमध्ये सरासरी 75 टक्के, दुसऱ्यात 87.5 आणि तिसऱ्यात 93.75 टक्के मूळ वाण परत मिळतो. पण ही सरासरी आहे. त्याच पिढीत काही रोपे सरासरीच्या खूप पुढे असतात आणि ती कोणती हे मार्करशिवाय कळत नाही. ती निवडता आली, तर सहा पिढ्यांचे काम तीन पिढ्यांत होते. टोमॅटोच्या बाबतीत याचा अर्थ पैदासकाराच्या आयुष्यातले काही हंगाम वाचणे असा आहे.

बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने बोकड्या (पर्णगुच्छ), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देणारा अर्का रक्षक हा संकरित टोमॅटो दिला आणि तो शेतकऱ्यांनी उचलला. सार्वजनिक संस्थेकडून हे होऊ शकते, याचा हा पुरावा आपल्या शेजारीच आहे. राहुरीच्या धनश्री, भाग्यश्री यांसारख्या सरळ वाणांत, ज्यांचे बी शेतकरी स्वतः धरू शकतो, टीवाय-2 आणि टीवाय-3 एकत्र घालून ते वाण पुन्हा शेतात यावेत, अशी माझी पहिली मागणी आहे. संकरित वाणांना माझा विरोध नाही. माझे घर त्यांच्या बीजोत्पादनावर उभे राहिले आहे. पण ज्या शेतकऱ्याला पाकीट परवडत नाही, त्याच्यापुढे रोगाला बळी पडणाऱ्या जुन्या सरळ वाणाखेरीज काहीच उरू नये, हे मला योग्य वाटत नाही. त्याला दोन्हींत निवड करता आली पाहिजे.

इथे एक इशाराही द्यावासा वाटतो, कारण मार्कर म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचा उतारा असे चित्र काही प्रकल्प अहवालांत रंगवले जाते. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींविरुद्धचे एमआय-1 हे जनुक 1940 च्या दशकात सोलॅनम पेरुव्हिएनम या रानटी टोमॅटोतून आले. दोन जातींच्या संकरातून बी धरत नव्हते, म्हणून फळातला कोवळा गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवावा लागला. 1970 च्या दशकात त्या जनुकाच्या शेजारी असलेल्या एका विकराच्या रूपावरून ते ओळखण्याची युक्ती सापडली, आणि टोमॅटोच्या पैदाशीत मार्कर खऱ्या अर्थाने वापरला गेला तो तिथपासून. इतके जुने, इतके तपासलेले हे जनुक जमिनीचे तापमान 28 अंश सेल्सिअसच्या वर गेले की निष्प्रभ होत जाते. आमच्याकडच्या फेब्रुवारीनंतरच्या लागवडीत जमिनीचे तापमान किती असते, हे मी आपल्याला सांगायला नको. मार्कर ‘जनुक आहे’ असे सांगेल आणि ते खरेच असेल, तरी झाडाच्या मुळाला गाठी येतील. म्हणून प्रयोगशाळेचा निकाल अंतिम न मानता प्रत्येक ओळ आपल्या उन्हाळ्यात, आपल्या काळ्या आणि मुरमाड जमिनीत लावून पाहणे अटळ आहे. जास्त तापमानात टिकणारे एमआय-9 हे जनुक दुसऱ्या एका रानटी जातीत सापडले आहे. ते आपल्या वाणांत आणण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते. शिवाय एमआय-1 आणि टीवाय-1 ही दोन्ही सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली आहेत आणि वेगवेगळ्या रानटी जातींतून आलेली आहेत, त्यामुळे ती एका गुणसूत्रावर जोडून आणणे चिकाटीचे काम आहे. शेकडो रोपांतून एखादे हवे तसे रोप मिळते. असे काम तीन वर्षांच्या प्रकल्पात आणि विद्यार्थ्याच्या एका प्रबंधात मावत नाही. त्याला कायमस्वरूपी पद आणि त्या पदावर टिकणारा माणूस लागतो.

चवीबद्दलही दोन शब्द. आमच्याकडच्या जुन्या गावठी टोमॅटोला देठाजवळ गडद हिरवा खांदा असायचा. फळ एकसारखे रंगावे म्हणून पैदासकारांनी सत्तर-एक वर्षे हा खांदा नसलेली झाडे निवडली. 2012 मध्ये कळले की, ज्या जनुकाच्या बिघाडामुळे खांदा नाहीसा होतो, तेच जनुक फळातले हरितकण वाढवते आणि त्यातून फळाला साखर मिळते. दिसण्यासाठी केलेल्या निवडीत गोडवा कमी होत गेला आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता, कारण वाचण्याचे साधनच नव्हते. आज ते साधन आहे. त्यामुळे नवा वाण प्रसारित करताना उत्पादन, टिकाऊपणा आणि रोगप्रतिकार यांच्या जोडीला चवीच्या जनुकांची नोंदही करावी, असा आग्रह मी धरते.

आता ज्या वाणांना आपण अभिमानाने भौगोलिक मानांकन मिळवून दिले, त्यांच्याविषयी. जळगावच्या भरीत वांग्याला आणि भिवापूरच्या मिरचीला हे मानांकन मिळाले आहे. गोव्यात काणकोणच्या खोला मिरचीलाही मिळाले आहे. मानांकन नावाला संरक्षण देते, बियाण्याला देत नाही. बामणोदच्या शेतकऱ्याने भरिताच्या वांग्याचे बी घरी धरले आणि त्याच्या बांधापलीकडे काटेरी जांभळे संकरित वांगे असले, तर मधमाश्या दोघांचे पोलन इकडून तिकडे नेतात. वांग्यात स्वपरागीकरण जास्त असले तरी परपरागीकरणही बरेच होते. दोन-चार हंगामांनी फळाचा हिरवा रंग, कमी बिया आणि भाजल्यावर सुटणारी साल यांत फरक पडू लागतो, आणि मूळ वाण कोणता होता हे सांगणारी माणसेही कमी होत जातात. भिवापुरातही बाहेरून आलेल्या वाणांपुढे स्थानिक मिरचीचे क्षेत्र आक्रसले आहे.

या वाणांचे गावोगावचे नमुने गोळा करून त्यांचा जनुकीय ठसा आजच नोंदवून ठेवला, तर पुढे शुद्ध बी कोणाकडे आहे हे ठरवता येईल, ‘भरिताचे वांगे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बियाण्याची तपासणी करता येईल आणि पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 खाली शेतकऱ्यांचे वाण म्हणून त्यांची नोंदणी करतानाही हा पुरावा उपयोगी पडेल. हे काम फार खर्चाचे नाही. त्यासाठी पावसाळ्याआधी गावात जाऊन म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी बोलावे लागेल, आणि माझ्या अनुभवाने सांगते, जीनोमच्या कामातला हाच भाग सर्वांत कमी केला जातो. मांजरी गोट्यासह आपल्या सगळ्या जुन्या वांग्यांना हे लागू आहे.

हे सारे मांडले की गावातल्या सभेत एक शंका हमखास येते: हे बीटी वांग्यासारखे आहे का? ही शंका सार्वजनिक संस्थांनीच स्पष्ट शब्दांत दूर करायला हवी. बीटी वांग्यात एका जिवाणूतले जनुक वांग्यात घातलेले होते, कारण शेंडा व फळे पोखरणाऱ्या अळीला पुरेसा प्रतिकार लागवडीच्या वांग्यात सापडत नव्हता. 9 फेब्रुवारी 2010 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने 2013 मध्ये परवानगी दिली. तो वाद स्वतंत्र आहे आणि या पत्रात मी त्याचा निकाल लावू पाहत नाही. मार्करच्या साहाय्याने केलेल्या पैदाशीत झाडात बाहेरचे काही घातले जात नाही. नेहमीच्याच संकरातून निघालेल्या रोपांपैकी कोणते ठेवायचे, एवढेच पान वाचून ठरवले जाते. माझ्या आईने चिमट्याने केलेला क्रॉस आणि हा क्रॉस एकच आहे. हा फरक लोकांना न समजल्यामुळे काही ठिकाणी साध्या मार्करच्या कामाकडेही संशयाने पाहिले गेले आहे, आणि त्याची जबाबदारी समजावून न सांगणाऱ्या आपल्यासारख्या जाणकारांवर येते.

जनुक संपादनाविषयी, म्हणजे झाडाच्या डीएनएतली अक्षरे नेमकी बदलण्याच्या तंत्राविषयी, सध्या बराच उत्साह आहे. 2022 मध्ये केंद्र सरकारने परके जनुक न राहणाऱ्या संपादित पिकांना कडक नियमांतून सूट दिल्यापासून तो वाढला आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पण कोणते अक्षर बदलायचे हे कळण्यासाठी आधी आपल्याच वाणांचे वाचन झालेले असावे लागते. ते न करता संपादनाची महागडी यंत्रणा उभी करणे म्हणजे पाया घेण्याआधी गच्चीचा स्लॅब टाकण्यासारखे होईल.

बटाट्याबद्दल थोडक्यात सांगते. त्याच्या लागवडीच्या वाणांत गुणसूत्रांचे चार संच असल्याने त्याची पैदास निराळी आहे आणि ती सिमल्याच्या संस्थेकडे राहावी हेच बरे. मंचर आणि सातगाव पठारावरचा शेतकरी बेण्यासाठी पंजाबवर अवलंबून आहे. त्याच्यासाठी आलेल्या बेण्यातले विषाणू तपासून देणारी सोय याच प्रयोगशाळेत करता आली, तरी पुष्कळ होईल. विषाणू तपासणीची गरज टोमॅटोलाही आहेच. 2020 च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, सातारा भागात टोमॅटोची फळे रंगीबेरंगी होऊन सडू लागली, ‘तिरंगा व्हायरस’ म्हणून घबराट पसरली, आणि नेमका कोणता विषाणू आहे हे कळण्यासाठी नमुने बंगळुरूला पाठवावे लागले. निकाल येईपर्यंत अफवांनी भाव पाडले. टोमॅटो पिकवणाऱ्या एवढ्या मोठ्या राज्याला हे उत्तर आपल्याच विद्यापीठाकडून आठवड्याभरात मिळायला हवे होते.

आपल्या चारही विद्यापीठांत जैवतंत्रज्ञान शिकवले जाते, यंत्रे आहेत आणि ती चालवणारी शिकलेली मुलेमुली आहेत. त्यांतली अनेक जण पदवी हातात पडताच हैदराबाद किंवा बंगळुरूची वाट धरतात. मीही तेच केले होते. म्हणून चार ठिकाणी चार अर्धवट सुविधा उभ्या करण्यापेक्षा एकच पूर्ण सुविधा उभी करावी, ती बीजोत्पादकांच्या पट्ट्याच्या जवळ असावी, तिच्या दारावर शुल्काचे दरपत्रक मराठीत लावलेले असावे, निकालाची मुदत लिहिलेली असावी आणि निकाल मागणाऱ्याला कारणासह हातात मिळावा, असे मी सुचवते. चारही विद्यापीठांच्या पैदासकारांनी आपले नमुने तिथे पाठवावेत. परिषदेने या कामाकडे प्रकल्प म्हणून न पाहता कायमची सेवा म्हणून त्याची तरतूद करावी.

सुरुवात लहान असली तरी चालेल. माझ्या गावातली अकरा बीजोत्पादक कुटुंबे येत्या हंगामात आपल्या टोमॅटो आणि मिरचीच्या प्लॉटचे बियाणे, आणि करार करणाऱ्यांची संमती मिळाली तर मूळ बियाण्याचे सीलबंद नमुने, विद्यापीठाला द्यायला तयार आहेत. त्याच लॉटची जीओटी आणि मार्कर तपासणी शेजारी शेजारी करून पाहावी, दोन्हींचे निकाल जुळतात की नाही आणि नसल्यास का, ते प्रसिद्ध करावे. नमुने गोळा करण्याचे, त्यांच्या नोंदी ठेवण्याचे आणि प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवण्याचे काम मी विनामोबदला करेन. मूळ बियाण्याची पाकिटे एकदा फोडली की सीलबंद नमुन्याला अर्थ उरत नाही, म्हणून आपला होकार किंवा नकार लावणीच्या निदान महिनाभर आधी कळावा, अशी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक भाजीपाला पैदासकार,
देऊळगाव राजा तालुका, जिल्हा बुलढाणा